शेवंतीची बाजू

डावखुऱ्या बाईचा टाका तुम्ही कधी नीट बघितलाय का? खरं सांगा. नसेलच बघितला. गोधडी अंगावर ओढायची, पाय ताणायचे आणि घोरायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. ती एका बाईने शिवली की दोघींनी, आणि त्या दोघींतली एखादी आता कुठे असते, हे विचारतो कोण?

मालन विचारायची. जोगेश्वरीच्या लेण्यांच्या वरच्या अंगाला जी वस्ती चढत गेलीय, तिथे पत्र्याच्या खोलीत राहणारी ही बाई. कोणाकडची गोधडी हातात आली की आधी उलटी करायची, काठावरून अंगठा फिरवायचा आणि सांगायचं: ही एकटीने शिवलीय, ही दोघींनी, आणि या दोघींचं मध्येच वाजलेलं दिसतंय. बायका हसायच्या. घरी जाऊन आठवायच्या, आणि मग त्यांचं हसू जायचं.

मालवणाकडची पोर, लग्न होऊन आली ती थेट या टेकाडावर. नवरा जयवंत अंधेरीला एमआयडीसीतल्या कारखान्यात लेथवर. अबोल माणूस, कारण घरातलं सगळं बोलणं बायकोच्या वाट्याला आलेलं. नळासाठी हंडे घेऊन पालिकेच्या साहेबाच्या दारात बसणाऱ्या बायकांत मालन पहिल्या ओळीत असायची. भूतखेत, भानामती, अंगात येणं, असल्या गोष्टींना ती सरळ शिवी हासडायची. वस्तीत एका बाईच्या अंगात आलं होतं तेव्हा हिने जाऊन तिला विचारलं होतं, देवी आलीच आहे तर पाण्याची लाईन कधी येणार तेवढं सांग. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढची गोष्ट ऐकून कोणी म्हणायला नको की बाई भोळी होती.

तिच्या घरी गोधडी दोघींनीच शिवायची रीत होती. जावा-जावा समोरासमोर बसायच्या. जी ज्या काठाला बसली तो काठ तिचा. दोघी आपापल्या काठाकडून आत सरकत यायच्या आणि मध्यावर भेटायच्या. मध्याच्या पलीकडे दुसरीच्या बाजूला सुई घालायची नाही, मग ती आजारी असो, माहेरी गेलेली असो, रुसलेली असो. थांबायचं. एकच सूट होती. ती मेली, तर उरलेलीने तिची सुई हळदकुंकू लावून वाहत्या पाण्यात सोडायची आणि तिची बाजू पुरी करायची. आणि शेवटचा कोपरा मिटण्याआधी आत भाकरीचा तुकडा घालायचा. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याची ऊब खाते, असं मालनची सासू म्हणायची. मालन सासूचं काही ऐकत नसे, पण भाकरीचा तुकडा घालायला कधी विसरली नाही.

तिच्या समोरच्या काठाला बसायची ती शेवंती, धाकट्या दिराची, दत्तारामची बायको. काळीसावळी, काटकुळी, आणि डावखुरी. गावी सासूने तिचा डावा हात पदराने कमरेशी बांधून ठेवला होता, प्रसाद त्या हाताने वाढला म्हणून. मुंबईला आली तेव्हाही ती लोकांसमोर तो हात पाठीमागे लपवायची. पहिल्यांदा गोधडी अंथरून दोघी बसल्या, तेव्हा ती सुई उजव्या हातात धरून धडपडत होती. मालनने ते बघितलं. मग म्हणाली, "ज्या हाताने येतं त्या हाताने शिव गो. इथे काय पूजा मांडलीय?"

त्या दिवसापासून शेवंती डाव्या हाताने शिवायला लागली आणि मालनच्या लक्षात आलं की हिचा टाका उलटा कलतो. उजव्या हाताने शिवणाऱ्या बायकांचा धावदोरा एका अंगाला झुकतो, हिचा दुसऱ्या अंगाला. दोघींच्या ओळी मध्यावर भेटल्या की तिथे एक रेघ उठायची, जणू दोन वाऱ्यांनी एकाच शेतातलं भात दोन बाजूंना लोळवलंय. बोट फिरवलं तरी कळायची. वस्तीतल्या बायका मुद्दाम ती रेघ बघायला यायच्या.

मग गिरणीचा संप झाला. दत्ताराम त्याच वस्तीत राहायचा आणि परळकडच्या एका गिरणीत साच्यावर, कापडाच्या मागावर, होता. माणूस वाईट नव्हता, रिकामा झाला होता. रिकामा माणूस घरात बसला की घर लहान होतं, आणि ते घर मुळातच दोन माणसं आडवी झाली की संपायचं. संपाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात दोघी जावा एक गोधडी शिवायला बसल्या होत्या. शेवंतीची मुलगी सुलक्षणा नुकतीच मोठी झाली होती. ही गोधडी तिच्या लग्नात द्यायची म्हणून घेतली होती. वरचं कापड शेवंतीच्या स्वतःच्या लग्नातलं हिरवं लुगडं.

दुपारी दत्ताराम आला आणि कशावरून तरी बोलायला लागला. काय बोलला हे महत्त्वाचं नाही, तेच रोजचं. शेवंतीने मान वर केली नाही. तिने सुई कापडात खोचून ठेवली, अर्ध्या टाक्यात, आणि उठली.

"अक्का, मी आले हां," म्हणाली.

आणि गेली. पायात चप्पलसुद्धा नव्हती. ती परत आली नाही.

चौकीवर हवालदार हसला. कोणाबरोबर गेली, हे त्याला आधी हवं होतं. मालनने त्याला त्याच्या आईबद्दल असं काही विचारलं की दोन शिपायांनी मिळून तिला बाहेर काढलं. पण तक्रार लिहून घेतली. मग मालन फिरली. इस्पितळं, आश्रम, ठाण्याचं वेड्यांचं इस्पितळ, गावाकडची सगळी नाती. पावसाळा सरल्यावर एका इस्पितळातून निरोप आला की खाडीत एक बाई सापडलीय, ओळख पटवायला या. दत्ताराम फाटकाशी थांबला, बिडी ओढत. आत एकटी मालन गेली.

चेहऱ्याला चेहरा म्हणावं असं काही राहिलं नव्हतं. अंगावर कपडा नव्हता. मालनने डावा हात दाखवायला सांगितलं. सुई टोचून टोचून शेवंतीच्या बोटाच्या टोकाला घट्टा पडलेला, तो तिने डोळे मिटून ओळखला असता. पण पाण्याने बोटांचंही काही ठेवलं नव्हतं. ती बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, ही आमची नव्हे.

बाहेर आल्यावर दत्तारामला तिने तेवढंच सांगितलं. किती वेळ बघत उभी होती हे सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

त्यानंतर सहा उन्हाळे गेले. सुलक्षणाला मालननेच वाढवलं, दहावी केलं, मुलुंडला दिलं. अर्धी गोधडी पेटीच्या तळाशी होती तशीच घडी घालून, सुईसकट. लग्नात ती द्यायचा प्रश्नच नव्हता. अर्धी गोधडी कोणी देतं का?

पण सासरी सुलक्षणाची वाट लागली होती. मारहाण नव्हती, उपास नव्हता. होते ते फक्त प्रश्न. आई कुठे असते गं तुझी? गावाला? कुठल्या गावाला? पत्ता नाही का? सासूबाई हे सगळं गोड आवाजात, लोकांसमोर विचारायच्या. एकोणनव्वद साली सुलक्षणाला दिवस गेले. ओटी भरायला तिला दोन दिवस जोगेश्वरीला पाठवलं, तेव्हा ती पेटीजवळ बसली, अवघडलेली, आणि म्हणाली, "काकी, बाळाला ती गोधडी दे."

"ती अर्धी आहे."

"मग पुरी कर."

मालनने तांदळाचं सूप पुढे ओढलं. पुरी करणं म्हणजे काय हे त्या घरातल्या पोरीला समजावून सांगायला नको होतं.

"आई गेली असेल तर गेली म्हण," सुलक्षणा म्हणाली. "दर दिवाळीला दाराकडे बघायचा कंटाळा आलाय मला. माझ्या पोराला मी काय सांगू, आजी सुई खोचून गेलीय, येईल? एकदा काय ते ठरव. बारशाच्या आत ठरव."

मालनने आयुष्यात कोणापुढे मान खाली घातली नव्हती. त्या दिवशी ती खाली बघून तांदूळ निवडत राहिली. तांदूळ आधीच निवडलेले होते.

गोधडी पसरायला जागा लागते. खोलीत ती पसरायची तर चूल उचलावी लागली असती, आणि चैत्रात पत्र्याखाली दुपारी बसवतही नव्हतं. वस्तीतल्या बायका अशा दिवसांत खाली लेण्यांत जाऊन बसायच्या. आत गारवा असायचा. देवीच्या गाभाऱ्यापासून लांब, खांबांच्या ओळीमागे एक कोरडा कोपरा होता, उजेड तिरपा यायचा. मालनने तिथे चटई टाकली आणि गोधडी अंथरली. सहा वर्षं मिटलेलं हिरवं लुगडं त्या दगडावर उलगडलं, तेव्हा बाकीच्या बायका जरा सरकून बसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या दुसरीकडेच बसायला लागल्या.

सुई होती तिथेच होती. गंजून कापडाला चिकटलेली, भोवती तांबडा डाग. मालनने ती ओढून बघितली. निघाली नाही. तिने तिला तसंच सोडलं आणि आपल्या काठाला बसून आपल्या उरलेल्या ओळी घालायला लागली. तेवढ्याला कोणाची परवानगी लागत नव्हती.

ती मध्यावर पोचली आणि थांबली.

त्याच आठवड्यात दत्ताराम आला. तो आता एका गोदामावर रखवालदार होता. गावी जाऊन शेवंतीची क्रिया करून टाकतो म्हणत होता. भटजीने दर्भाचा पुतळा करून करता येते असं सांगितलं होतं. पण गावकरी विचारतील, घरात मोठं कोण, तिने मान्य केलंय का. म्हणून आला होता. मालन त्याला खूप बोलली. ती थांबल्यावर तो एवढंच म्हणाला, "वयनी, त्या दिवशी आत तू गेली होतीस. मी नव्हतो. मला खरं सांग." मालनने त्याला हाकलून दिलं.

पण दुसऱ्या दिवशी ती शेवंतीच्या काठाला जाऊन बसली. हळदकुंकवाची पुडी कनवटीला होती. सुई निघत नव्हती, मग पाण्यात काय सोडणार? ते नंतर बघू म्हणाली. दुसऱ्या सुईत दोरा ओवला आणि गंजलेल्या सुईला वळसा घालून ओळ घातली. आणखी एक घातली. हात जड झाला होता. तिला वाटलं, हंड्यांनी भरून आला असेल.

दुपारनंतर नळाला पाणी यायचं. त्या वेळी वस्तीतली प्रत्येक बाई असेल तिथून उठायची. मालनही उठली, गोधडी तशीच ठेवून. पायऱ्यांच्या तोंडाशी रत्नप्रभाबाई फुलांची टोपली घेऊन बसायची, जरा लक्ष ठेव म्हणून तिला सांगितलं. हंडे भरून, वर पोचवून, परत आली, तर तिच्या ओळी नव्हत्या. उसवलेला दोरा नीट गुंडाळून दगडावर ठेवला होता. लहान पोरं असं गुंडाळून ठेवत नाहीत.

रत्नप्रभाबाई म्हणाली, कोणी आत गेलं नाही. मालनने विचारलं, पलीकडच्या तोंडाने कोणी? ती म्हणाली, तिकडे सांडपाणी तुंबलंय, कुत्रंसुद्धा येत नाही. मालनने तरी जाऊन बघितलं. चिखल होता, आणि चिखलावर एकही पाऊल नव्हतं.

ती चिडली. वस्तीतल्या एकीएकीला गाठून विचारलं, कोणाला ही मस्करी सुचलीय ते सांगा, मी काही बोलणार नाही, फक्त हात मोडीन. कोणी कबूल झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा त्या काठाला बसून ओळ घातली, दाट टाके, दोन पदरी दोरा. पुन्हा नळाला गेली. परत आली तेव्हा तिचा दोरा दगडावर गुंडाळलेला होता, आणि तिच्या ओळीच्या जागी दुसरी ओळ होती. मालनने अंगठा फिरवला. टाका उलटा कलत होता.

मग तिने गंजलेल्या सुईकडे बघितलं. तांबडा डाग होता तिथेच होता. सुई तिथे नव्हती. ती ओळीच्या पुढच्या टोकाला होती, अर्ध्या टाक्यात खोचलेली.

मालन किंचाळली नाही, पळाली नाही. तिने गोधडी घडी केली, डोक्यावर घेतली आणि पायऱ्या चढायला लागली. अर्ध्यावर गोधडी मांडीवर घेऊन बसली. रत्नप्रभाबाईने विचारलं, काय गं, चक्कर आली? ती म्हणाली, ऊन लागलं. आतून, गारव्यातून येत होती.

जयवंतला तिने सांगितलं. तो दाढी खाजवत म्हणाला, ती जिवंत असेल, जवळपास कुठेतरी राहत असेल, चोरून येत असेल. शहाणा माणूस असंच म्हणणार. मालनलाही ते पटलं. पटवून घेतलं. मग चोरून येणारीला धरायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी नळाला सुलक्षणाच्या वयाच्या शेजारणीला पाठवलं आणि स्वतः खांबाआड उभी राहिली, सगळी दुपार. कोणी आलं नाही. कापड हललं नाही. सुई होती तिथेच होती. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिचा ताबा सुटला. खांबाआडून बाहेर येऊन ती त्या रिकाम्या काठाला म्हणाली, "पुरे झाले नखरे. पोरगी बाळंत व्हायला आलीय आणि तू लपाछपी खेळतेस? तोंड दाखव, नाहीतर निघ."

तिचा आवाज आतल्या अंधारात गेला आणि खूप उशिराने परत आला. परत आला तेव्हा तो तिला स्वतःचा वाटला नाही.

त्यावर ती घरी गेली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तिला एक जुनी गोष्ट आठवली. शेवंतीकडे कोणी बघत असलं की तिचा हात थांबायचा. गावी बांधून ठेवलेला हात तो. नवीन नवीन असताना मालनच तिला म्हणायची, मी बघत नाही, तू शिव. आणि खरंच पाठ करून बसायची, तांदूळ निवडत, बोलत.

मालन चटईवर बसली, तोंड भिंतीकडे, पाठ गोधडीकडे. आणि बोलायला लागली.

काय काय बोलली. सुलक्षणा दहावीला गणितात कशी लटकत होती आणि कशी सुटली. लग्नात दत्ताराम जेवला नाही, मंडपाबाहेर उभा राहिला. पोरीची सासू कशी गोड गोड टोचते. नळ आला शेवटी, पण दुपारीच येतो मेला. बोलता बोलता ती गप्प झाली, कारण तिच्या मागे आवाज येत होता. जाड कापडातून दोरा ओढल्याचा. सर्र. थांबून पुन्हा सर्र. हा आवाज तिने आयुष्यभर ऐकला होता, समोरून. पाठीमागून कधी ऐकला नव्हता. तरी तिने तोंड फिरवलं नाही. मागून थंड श्वासबिस काही आला नाही. उलट ऊब यायला लागली, शेजारी माणूस बसल्यावर येते तशी. त्या गार दगडात तीच सगळ्यात भयंकर होती.

रोज दुपारी ती अशी बसायला लागली. बोलायची. मागे दोरा सरकायचा. उठताना आधी मोठ्याने सांगायची, मी उठतेय हां, आणि मगच वळायची. ओळ पुढे गेलेली असायची. तिने जवळ ठेवलेल्या रिळातला दोरा कमी होत होता.

मुलुंडहून निरोप आला, मुलगी झाली. सासरच्यांनी पत्र्याच्या खोलीत बाळंतपण नको म्हणून तिकडेच ठेवलं होतं. बारसं जवळ आलं होतं आणि मागची बाजू मध्याला भिडत आली होती. त्या दिवशी मालनने बातमी सांगितली. नात झाली तुला, केस खूप आहेत म्हणे. मागचा आवाज जलद झाला. आणि मग, का कोण जाणे, सहा वर्षं दाताखाली धरलेला प्रश्न तिच्या तोंडून निघाला.

"शेवंती, त्या इस्पितळात ठेवलेली ती तूच होतीस का? मी ओळखलं नाही का तुला?"

दोरा थांबला.

मालन भिंतीकडे बघत राहिली. वरून कुठूनतरी पाणी ठिबकत होतं, तेही थांबल्यासारखं वाटलं. तिला वाटलं, आता खांद्यावर हात पडेल. डावा पडेल. वळून बघावं असं प्रत्येक हाड म्हणत होतं. ती वळली नाही. म्हणाली, "नको सांगू. नसेल सांगायचं तर नको सांगू. शिव तू."

खूप वेळाने दोरा पुन्हा सरकला. सर्र. आधीपेक्षा हळू.

दुसऱ्या दिवशी फक्त कोपरा राहिला होता. मालनने घरून तांदळाची भाकरी आणली, अख्खी, कोपऱ्याशी ठेवली आणि आपण होऊन नळाला गेली. परत यायला मुद्दाम उशीर केला. आली तेव्हा कोपरा मिटलेला होता, आत तुकडा हाताला लागत होता. उरलेली भाकरी नव्हती. खरकटं नव्हतं, मुंग्या नव्हत्या. शेवटची गाठ डाव्या हाताची होती. आणि सुई मालनच्या बाजूच्या काठावर आडवी ठेवलेली होती, चकचकीत, रोज वापरातल्या सुईसारखी. गंजाचा कणही नव्हता.

हळदकुंकवाची पुडी मालनने रत्नप्रभाबाईला देऊन टाकली.

बारशाला दत्ताराम, जयवंत आणि ती, तिघं मुलुंडला गेली. सासूबाईंनी गोधडी चारचौघींत उलगडून उलटी केली. त्यांनाही शिवणातलं कळत होतं, हे कबूल करायला हवं. म्हणाल्या, ही दोन हातांची दिसतेय, दुसरी कोण? सगळ्या बायका मालनकडे बघायला लागल्या. मालन म्हणाली, हिची आई. सासूबाईंना पुढचा प्रश्न सुचला नाही.

मग आतल्या खोलीत सुलक्षणाने तिला गाठलं. पोर मांडीवर होती. "काकी, मी काय विचारलं होतं ते विसरलीस? गेली की आहे?"

मालनने तिचं बोट धरलं आणि हिरव्या लुगड्यावर ठेवलं. "हा गंजाचा डाग. याच्या अलीकडचं सगळं तेव्हाचं. आता पुढे फिरव."

सुलक्षणाने बोट फिरवलं. डागाच्या अलीकडे दोरा विटका होता, पलीकडे नवा. टाका दोन्हीकडे तोच, उलटा कललेला. तिचं बोट मध्यावरच्या रेघेपाशी थांबलं. रंग उडालेल्या चेहऱ्याने तिने वर बघितलं.

"म्हणजे ती आहे."

"शिवतेय, एवढं खरं," मालन म्हणाली. "बाकी मला विचारू नकोस. आणि पोरीला सांग, आजीने शिवलीय म्हणून. ते खोटं नाही."

सुलक्षणा रडली नाही. तिने गोधडीची घडी केली, शेवंतीची बाजू वर येईल अशी, आणि पोरीला त्यावर ठेवलं. पोर लगेच झोपली. पुढे ती त्याच बाजूवर झोपायची. दुसरी बाजू वर आली की रडायची. त्याचं कारण कोणी शोधलं नाही.

परतताना दत्तारामने विचारलं, मग आता मी काय करू, क्रिया करू की नको? मालनने त्याला ती सुई दाखवली. तिने ती आपल्या काळ्या मण्यांच्या पोतीत अडकवून ठेवली होती.  ती म्हणाली, "काय करायचंय? भाकरी खा आणि कामावर जा." क्रिया त्याने केली नाही. मात्र घरात बसायचं झालं की दाराकडे पाठ करून बसायला लागला.

मालनने पुन्हा नवी गोधडी घेतलीय. लेण्यातल्या त्याच कोपऱ्यात अंथरते. एका काठाला स्वतः बसते. दुसरा काठ रिकामा असतो, तिथे ओवलेली सुई असते. अजून त्या काठाला टाका पडलेला नाही.

म्हणून तुम्हाला सांगणं आहे. तुम्ही या उपनगरांत फिरता. धक्क्यावर, इस्पितळाच्या पायरीवर, एखाद्या पुलाखाली डाव्या हाताने शिवत बसलेली काळीसावळी बाई दिसली, तर तिला कुठली, कोणाची, असलं विचारू नका. तिचा टाका बघा. उलटा कलत असेल तर तिला सांगा, नातीचे केस आता कमरेपर्यंत यायला लागलेत, आणि जोगेश्वरीला तुझी बाजू मोकळी ठेवलीय. तिने मान वर केली नाही, हात थांबवला, तर जाऊ नका. तिच्याकडे पाठ करा, खाली बसा, आणि थोडा वेळ बोलत राहा.